बारावीनंतर टुरिझम मॅनेजमेंट शिकायचंय? फी भरण्याआधी ही माहिती वाचा

कोल्हापूर : पन्हाळगड ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या एकूण बारा किल्ल्यांना मिळून हा मान मिळाला. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. राधानगरी अभयारण्याचा नंबर तर त्याआधीच, २०१२ साली, पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांबरोबर लागला होता. म्हणजे आपल्या एकट्या जिल्ह्यात जागतिक वारशाच्या दोन जागा आहेत. शिवाय अंबाबाई, जोतिबा, नृसिंहवाडी, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहेच.

त्यामुळं यंदा बऱ्याच घरांत विषय निघतोय, की पोरानं किंवा पोरीनं टुरिझम मॅनेजमेंट केलं तर पुढं काय? मोबाईलवर जाहिरातीही दिसतात. 'इंटरनॅशनल टुरिझम', 'शंभर टक्के नोकरी', 'परदेशात संधी'. फी मात्र लाखांत. उसाच्या बिलातून किंवा सोसायटीच्या कर्जातून हा पैसा भरणाऱ्या घरानं आधी काय बघावं, यासाठी ही सविस्तर माहिती.

हा कोर्स म्हणजे नेमकं काय?

लोक तीन गोष्टी एकत्र करतात. त्या वेगळ्या आहेत.

- हॉटेल मॅनेजमेंट : किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, रिसेप्शन. हॉटेलच्या आतलं काम.
- ट्रॅव्हल : तिकीट, व्हिसा, बुकिंग, परकीय चलन. पर्यटकाला इथून तिथं नेण्याचं काम.
- टुरिझम मॅनेजमेंट : या सगळ्याचं नियोजन. सहल आखणं, दर ठरवणं, विकणं, आणि एखाद्या ठिकाणावर गर्दी, पार्किंग, पाणी, कचरा कसा सांभाळायचा ते बघणं.

नावापुढं 'इंटरनॅशनल' लागलं की त्यात परदेशी पर्यटक इथं आणणं आणि इथले पर्यटक परदेशात नेणं हा भाग वाढतो. पण हा शब्द अनेक संस्था पाटीवर लावतात. हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

आत काय शिकवतात?

पर्यटनाचा भूगोल, इतिहास आणि वारसा, मार्केटिंग, अकाउंट, कायदे, परदेशी भाषा आणि तिकीट बुकिंगची सॉफ्टवेअर. जगभरातले एजंट अमाडेउस, गॅलिलिओ, सेबर अशा यंत्रणांवर तिकिटं काढतात. तिथं गावांची नावं नसतात, तीन अक्षरी कोड असतात. कोल्हापूर विमानतळाचा कोड केएलएच, पुण्याचा पीएनक्यू, मुंबईचा बीओएम. गोव्यात दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. कोड चुकला की प्रवासी भलत्याच विमानतळावर उतरतो.

दुसरा महत्त्वाचा विषय म्हणजे कॉस्टिंग. समजा पन्हाळा-जोतिबा सहलीसाठी बस २० हजार आणि गाईड २ हजार. हा २२ हजारांचा खर्च माणसं किती का येईनात, तेवढाच. जेवण आणि तिकिटं माणशी ५०० रुपये. चाळीस माणसं आली तर माणशी खर्च १,०५० रुपये. वीसच आली तर १,६०० रुपये. जाहिरातीत १,२०० रुपये दर छापला आणि वीसच माणसं आली, तर माणसामागं ४०० रुपये खिशातून गेले, एकूण ८ हजार. तोडणी-वाहतुकीचा हिशोब घातलेल्या घराला हे गणित नवीन नाही. परदेशी सहलीत यात डॉलर-युरोच्या दराची भर पडते.

कुठं शिकता येतं?

१. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट. ही केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था, स्थापना १९८३. मुख्यालय ग्वाल्हेर. भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोवा इथंही केंद्रं आहेत. गोव्याच्या केंद्रात वॉटर स्पोर्ट्सचं प्रशिक्षण मिळतं. संस्थेचा बीबीए बारावीनंतर, कुठल्याही शाखेच्या मुलांना. एमबीए पदवीनंतर, दोन वर्षांचा. कुठल्या केंद्रावर कोणता कोर्स आहे आणि गुणांची अट काय, हे त्या वर्षीच्या प्रवेश सूचनेत बघावं.

२. इग्नू. घरची शेती, डेअरी किंवा नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर हा मार्ग. टुरिझममध्ये पदवी आणि पदव्युत्तर, दोन्ही अभ्यासक्रम दूरशिक्षणानं करता येतात. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी. फी साध्या कॉलेजच्या जवळपास. पण वर्ग रोज नसतात. स्वतः अभ्यास करायची सवय नसेल तर पोरगं मागं पडतं.

३. राज्यातला बीबीए, बीएमएस. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात या कोर्सना सीईटी लागू झाली. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपास भरावे लागतात. निकालानंतर बघू म्हटलं तर तारीख निघून गेलेली असते.

४. हॉटेलकडं कल असेल तर. केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांसाठी एनसीएचएम-जेईई ही देशपातळीवरची परीक्षा आहे. मुंबईत दादर आणि गोव्यात पर्वरी इथल्या संस्था आपल्याला जवळच्या. राज्यातल्या चार वर्षांच्या बीएचएमसीटीला राज्याची वेगळी सीईटी.

५. आधी साधी पदवी, मग एमबीए. इतिहास, भूगोल, कॉमर्स किंवा भाषा घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात पदवी करायची, सोबत परदेशी भाषा शिकायची, आणि नंतर टुरिझमचा एमबीए. विद्यापीठात परकीय भाषांचा वेगळा विभाग आहे. घरून ये-जा करता येत असेल तर तीन वर्षांचा राहण्याखाण्याचा खर्च वाचतो. ज्यांचा निर्णय अजून पक्का नाही त्यांना हा रस्ता सर्वात कमी जोखमीचा.

परदेशात शिकायचं तर

बारावीनंतर लगेच परदेशी जाण्यापेक्षा इथली पदवी आणि थोडा कामाचा अनुभव घेऊन दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी जाणं बहुतेकांना परवडतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. फी नाही म्हणजे खर्च नाही असं मात्र नव्हे. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे सुमारे १२ हजार युरो, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर, आधीच एका बंद खात्यात दाखवावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे कागदपत्र तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं.

डेन्मार्क, स्लोव्हेनिया आणि स्पेनमधली तीन विद्यापीठं मिळून युरोपियन मास्टर इन टुरिझम मॅनेजमेंट हा कोर्स चालवतात. तो इरास्मस मुंडसमधून पुढं आलेला. इरास्मस मुंडसच्या कोर्सना ज्या वर्षी शिष्यवृत्ती असते त्या वर्षी जगभरातून अर्ज येतात, स्पर्धा मोठी. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाचा हॉटेल-टुरिझमचा विभागही जगात नावाजलेला आहे.

पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. कोल्हापुरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला धावावं लागत नाही.

पैसा कुठनं उभा करायचा?

- महाडीबीटी पोर्टल : राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज इथंच. मागासवर्गीय शिष्यवृत्त्याही इथंच.
- मुलींसाठी : २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अट एकच, प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात घेतला तर माफी नाही.
- परदेशी शिक्षण : अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. ओबीसी आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही योजना आहेत. या योजना जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांशी बांधलेल्या असतात. टुरिझम शिकवणारी अनेक परदेशी कॉलेजं त्या क्रमवारीत नाहीत. म्हणून आधी यादी बघा, मग कॉलेज ठरवा.
- कर्ज : विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एका अर्जात वेगवेगळ्या बँकांकडं मागणी करता येते.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर ही कागदं अकरावीतच काढायला घ्यावीत. प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग लागते.

संस्था खरी की नुसती पाटी? हे सहा प्रश्न विचारा

१. पदवी कोण देणार? विद्यापीठाचं नाव लेखी घ्या. 'सर्टिफिकेट' आणि 'डिग्री' यात फरक आहे.
२. ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसी जाहीर करते. दूरशिक्षण असेल तर त्याची मान्यता वेगळी तपासा.
३. परदेशी विद्यापीठाशी टाय-अप आहे म्हणतात? त्याला यूजीसीची मान्यता आहे का, कागद दाखवा म्हणा.
४. इंटर्नशिप कुठं, किती महिने, आणि पगार मिळतो की उलट पैसे भरायचे?
५. गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या पाच मुलांशी बोलायला मिळेल का? नोकरी 'लावली' की फक्त 'मुलाखतीला पाठवलं', ते त्यांच्याकडनंच कळेल.
६. कोर्स अर्धवट सोडला तर फी परत किती आणि कधी? मूळ दाखले अडवून ठेवणार का?

उत्तरं तोंडी नको, लेखी घ्या. 'आजच भरा, उद्या सीट जाईल' असा तगादा लावणाऱ्याकडं पैसे भरू नका.

पुढं काम काय मिळतं?

ट्रॅव्हल कंपनीत तिकीट आणि व्हिसाचं काम, टूर मॅनेजर, गाईड, हॉटेलचं फ्रंट ऑफिस, विमानतळावरचं ग्राउंड स्टाफचं काम, इव्हेंट. परदेशी सहली भरवणाऱ्या मोठ्या मराठी कंपन्या मुंबईत आहेत. केसरी टूर्स १९८४ सालची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. अशा ठिकाणी मराठी बोलणारा, माणसं सांभाळणारा टूर मॅनेजर लागतोच. पंढरीच्या वारीत दिंडीचं जेवण, मुक्काम, म्हातारी माणसं सांभाळलेल्या पोराला हे काम काय असतं ते लवकर उमगतं.

चंदगड, आजऱ्याच्या मुलांना गोवा हाकेच्या अंतरावर. कोकणी समजत असेल आणि इंग्रजी बरं असेल तर तिथं सुरुवात सोपी जाते.

गावातच काही करायचं तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलंय. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून केंद्र सुरू करू शकतो. गुऱ्हाळ, आजरा घनसाळ भात, दाजीपूरचं जंगल, पावनखिंडीची वाट, कोल्हापुरी चपलेचं काम, हे बघायला लोक पैसे देतात. पण खोली स्वच्छ, संडास चांगला आणि दर आधी सांगितलेला हवा.

हेही स्पष्ट सांगायला हवं

- सुरुवातीचा पगार फार नसतो. खरी वाढ भाषा आणि अनुभवानंतर.
- लोकांची सुट्टी म्हणजे तुमचं काम. दिवाळी, मे महिना, शनिवार-रविवार घरी मिळेलच असं नाही.
- धंदा हंगामी आहे. २०२० च्या कोरोनात तो जवळजवळ ठप्प झाला होता. म्हणून अकाउंट, भाषा, कॉम्प्युटर असं दुसरं काहीतरी हातात ठेवावं.
- चारचौघांत बोलायला जमत नसेल तर आधी ते जमवा. वक्तृत्व, एनएसएस, ट्रेकमध्ये स्वयंसेवक म्हणून काम, यातनं सवय होते. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा दर पावसाळ्यात निघतात, तिथं हात लावून बघा.

मग करायचं काय?

अकरावी-बारावीत असाल तर तीन कामं आजपासून सुरू करा. रोज अर्धा तास इंग्रजी बोलणं. एक परदेशी भाषा निवडणं. आणि आपल्या तालुक्यातल्या एका ठिकाणाची खरी माहिती गोळा करणं. पन्हाळ्यावर गेलेल्या पाहुण्याला 'हे अंबरखाना, हे तीन दरवाजा' एवढं सांगून भागत नाही. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं गड का बांधला, १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यात धान्य कुठं साठवलं होतं, पाणी कुठनं मिळत होतं, हे सांगणारा पोरगा कोणत्याही कोर्सला चार पावलं पुढं असतो.

पन्हाळा हा लोकवस्ती असलेला किल्ला आहे. तिथली गर्दी, गाड्या, कचरा आणि तिथल्या लोकांचं पोटपाणी यांचा मेळ घालणारी शिकलेली माणसं येत्या काळात लागणारच. ती बाहेरून येणार की आपल्याच तालुक्यांतून, हे आज अकरावी-बारावीत असलेल्या मुलांवर अवलंबून आहे. फक्त ती पदवी नीट बघून, परवडेल तेवढ्यात आणि खऱ्या संस्थेतून घेतलेली असावी.

तुमच्या गावात, भावकीत कुणी यंदा प्रवेशाच्या विचारात असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.