एल्फिन्स्टनच्या खाजगी पत्रांतील वाङ्मयाभिरुची

गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८७१ साली लोणावळे-खंडाळ्याचा 'शोध' लावला, असे वारंवार लिहिले जाते. परंतु माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ साली व त्याचा पुतण्या गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन १८६० साली निवर्तला. मावळच्या अभ्यासकास या दंतकथेपेक्षा माउंटस्टुअर्टची पत्रे अधिक उपयुक्त होत. स्कॉटलंडमधील उमराव घराण्याचा हा पुत्र १८११ पासून पुण्यास रेसिडेंट होता. एडवर्ड स्ट्रेची या स्नेह्यास लिहिलेल्या त्याच्या पत्रांत राजकारणासोबत ग्रीक, लॅटिन ग्रंथांचीही चर्चा येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी संगमावरील रेसिडेन्सी जळाली. तीत त्याचे ग्रंथही गेले. कोलब्रुककृत चरित्रात १८८४ साली छापलेली पत्रे व रोजनिशीचे उतारे हीच आता त्या नष्ट संग्रहाची, अपुरी का होईना, सूची होय.