नाबोथाचा मळा

मेढ्याजवळून वाहणारी वेण्णा पुढे माहुलीला कृष्णेस मिळते. त्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशवाईत मुख्य न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्ता हाती आलेल्या रघुनाथरावांनाच शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. सत्तेहून न्याय थोर, हे सातारकरांना निराळे शिकवावे लागत नाही. हिब्रू धर्मग्रंथांतील अशीच एक पुरातन कथा त्यांना म्हणूनच परकी वाटणार नाही.

इसवी सनापूर्वी ९ व्या शतकात इस्राएलावर अहाब राज्य करीत होता. त्याच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाला करावयाचा होता. पण नाबोथ वडिलोपार्जित जमीन द्यावयास तयार होईना. तेव्हा राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करविले. राजा मळ्याचा ताबा घ्यावयास गेला, तो समोर एलिया उभा! खून आणि लूट या दोहोंचा त्याने जाब विचारला आणि राजकुळाचा नाश होईल असे बजावले.

अशा पुरुषास हिब्रूत ‘नाबी’ म्हणतात. आपण ‘भविष्यवादी’ म्हणतो खरे. पण तो कुंडली मांडणारा जोशी नव्हे. आज चाललेला अन्याय उद्या कोठे नेईल, एवढेच तो सांगतो. सुमारे शंभर वर्षांनी तकोवाचा मेंढपाळ आमोस उठला. त्याने आधी शेजारच्या राष्ट्रांचे अपराध मोजले, आणि मग तेच माप स्वकीयांना लावले. पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणारे, खोट्या मापाने धान्य घालणारे आणि वर थाटाने उत्सव करणारे, हे त्याचे आरोपी. देवाचे लाडके म्हणून त्यांना सूट नव्हती. उलट जबाबदारी अधिक होती. मात्र हा न्याय सूडाचा नव्हे. अहाब नमला, तेव्हा त्याच्यावरचे अरिष्ट पुढे ढकलले गेले; योनाच्या कथेत निनवे नगरी पश्चात्तापाने वाचली.

या एलियाचे स्मरण आपल्या मराठीतही झाले आहे. कोकणातले बेने इस्राएल त्याला ‘एलियाहू हनाबी’ म्हणतात आणि मंगलप्रसंगी त्याच्या नावे पोह्यांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. मलिद्याची चाल त्यांच्याबरोबर गेली.

सण गोड करावा, हे खरेच. परंतु ताटातले धान्य कोणाच्या मापात तूट पाडून आले, हा आमोसाचा प्रश्न सणाच्या दिवशीच विचारावयाचा असतो.