वेदना-संशोधनातील पेशी-प्रारूपे

वेदना आणि संवेदी चेतांचे विकार अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या पेशींना पेशी-प्रारूपे म्हणतात. प्राण्याच्या वा माणसाच्या शरीरातून थेट काढलेल्या चेतापेशी, अखंड विभाजित होत राहणारे पेशींचे वाण आणि रुग्णाच्या त्वचेपासून किंवा रक्तापासून बनवलेल्या मूलपेशींतून घडवलेल्या चेतापेशी असे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या मागील मुळांवर पृष्ठमूल गंडिका असतात आणि वेदनेची वर्दी नेणाऱ्या पेशींची वस्ती तिथे असते. टाचेत काटा मोडला तर ती खबर देणाऱ्या पेशीचे शरीर कमरेच्या पातळीवरील गंडिकेत असते. तिच्या तंतूची एक शाखा टाचेपर्यंत आणि दुसरी मज्जारज्जूत जाते. मधुमेहातली तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावरही न जाणारा ठणका, केमोथेरपीनंतरच्या मुंग्या आणि कुष्ठरोगातला बधिरपणा हे या पेशींचे किंवा त्यांना बिलगून असलेल्या पेशींचे आजार आहेत. शरीराच्या एखाद्या घटकाविषयी नेमका प्रश्न विचारला तर ही प्रारूपे अत्यंत विश्वासार्ह उत्तर देतात. संपूर्ण आजाराविषयी तेच उत्तर गृहीत धरले की फसगत होते, आणि वेदनाशामक औषधांच्या अनेक अपयशांचे मूळ या घाईत आहे.

शरीराबाहेर चेतातंतू वाढतो हे रॉस हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊतकावर दाखवले. 1952 मध्ये रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी रिओ द जानेरो येथे कोंबडीच्या भ्रूणातील गंडिका उंदराच्या अर्बुदाच्या तुकड्याशेजारी संवर्धित केल्या, तेव्हा त्यांच्याभोवती तंतूंचे दाट वलय उमटले. त्यातूनच चेतावर्धक घटकाचा शोध लागला. या कामासाठी त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उंदराच्या चेतापेशी आणि अर्बुदपेशी यांच्या संकरातून एनडी 7/23 सारखे वाण तयार झाले. ते सहज वाढतात आणि सर्वत्र सारखे मिळतात, पण अर्बुदाचा वारसा असल्याने खऱ्या वेदनापेशीची सगळी लक्षणे त्यांत नसतात.

सर्वांत मोठे शोध मात्र ज्यांचा वेदनेशी काहीही संबंध नाही अशा पेशींत लागले. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. तो ओळखणारे प्रथिन शोधण्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मायकेल कॅटरिना व सहकाऱ्यांनी गंडिकेतील जनुकांचे गट मानवी मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एचईके-293 पेशींत घातले. कॅप्सेसिन टाकल्यावर कोणत्या पेशीत कॅल्शियम शिरते, एवढेच पाहायचे होते. 1997 मध्ये टीआरपीव्ही-1 ही आयन मार्गिका, म्हणजे आयनांना पेशीत वाट देणारे प्रथिन, सापडली आणि सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेनेही ती उघडते हे कळले. आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत दाब ओळखणारी पिएझो-1 ही मार्गिका 2010 मध्ये अशाच मार्गाने हाती आली : उंदराच्या अर्बुदपेशींतील संशयित जनुके एकेक करून बंद केली गेली आणि 72व्या जनुकाला पेशी बहिरी झाली. या दोन्ही शास्त्रज्ञांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही ठिकाणी पेशीची उपरी, साधी स्थिती हीच ताकद ठरली. बाकी सारे वगळल्यामुळे जे उरले त्याचा पुरावा निर्विवाद झाला.

यावर पहिला आक्षेप असा की, वेदना हा अनुभव आहे. त्यात भीती, स्मृती आणि लक्ष यांचा वाटा असतो, तर काचेच्या बशीतल्या पेशीला काय दुखणार? आक्षेपातले विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. दातांच्या डॉक्टरांनी दिलेले भुलीचे इंजेक्शन मेंदूला स्पर्शही न करता वेदना थांबवते, कारण ते चेतातंतूतील सोडियम मार्गिका बंद करते. अनुभव मेंदूत घडत असला तरी त्याचे दार परिघावर आहे, आणि त्या दाराची तपासणी पेशीत करता येते. एनएव्ही 1.7 या सोडियम मार्गिकेचे उदाहरण पाहावे. हातपाय लाल होऊन आग होणाऱ्या लालदाह या आनुवंशिक विकाराचे मूळ तिच्या जनुकातील बदलांत आहे हे 2004 मध्ये उघड झाले. ते बदल घातलेल्या पेशींत मोजमाप केल्यावर मार्गिका नेहमीपेक्षा हलक्या विद्युत इशाऱ्याला उघडते असे दिसले. 2006 मध्ये उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांतील मुलांना जन्मतः वेदनाच का जाणवत नाही, याचे उत्तरही याच जनुकाच्या निकामी होण्यात सापडले. त्या बदललेल्या जनुकाने पेशींत विद्युतप्रवाह निर्माण होत नव्हता. एकाच मार्गिकेच्या दोन टोकांच्या बिघाडांनी माणसाच्या अनुभवाची दोन टोके समजावीत, इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

याच मार्गिकेने प्रारूपांची मर्यादाही दाखवली. लालदाहाच्या काही रुग्णांच्या मूलपेशींतून घडवलेल्या संवेदी चेतापेशी अवाजवी उत्तेजित होतात आणि मार्गिका रोखणाऱ्या औषधाने शांत होतात, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले; त्याच रुग्णांपैकी बहुतेकांची उष्णतेने होणारी वेदनाही औषधाने कमी झाली. पण मधुमेहातील चेतावेदनेवर त्या औषधाची चाचणी निर्णायक लाभ दाखवू शकली नाही. लालदाहात मार्गिकेचा बिघाड हेच कारण असते. मधुमेहात साखर, बारीक रक्तवाहिन्या, तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी आणि दाह यांचे एकत्र कारस्थान असते, तेव्हा एकच मार्गिका रोखून ते मोडेल असे मानायला आधार नव्हता. टीआरपीव्ही-1 रोखणारे एक औषधही असेच अडले : दाढ काढलेल्या काही रुग्णांत त्याने शरीराचे तापमान 40 अंशांवर नेले. तापमान सांभाळणे हे साऱ्या शरीराचे काम आहे. बशीत ते दिसणे शक्यच नव्हते.

दुसरा आक्षेप पेशींच्या कच्चेपणावर आहे. मूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी भ्रूणातील पेशींसारख्या राहतात, हे खरे. मग उंदीर वापरावेत का? उंदराच्या गंडिकेत वेदनापेशींचे जे दोन गट बऱ्यापैकी वेगळे असतात, त्यांची लक्षणे माणसाच्या पेशींत मोठ्या प्रमाणावर एकत्र आढळतात. त्यामुळे अवयवदात्यांकडून मिळालेल्या मानवी गंडिकांचा अभ्यास या शाखेतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल. त्या दुर्मीळ असतात आणि फार काळ टिकत नाहीत, पण घडवलेल्या पेशी कुठे कमी पडतात हे त्यांच्याशी ताडूनच कळते.

सोबतच्या पेशी वगळण्याचे मोल कुष्ठरोगात सर्वांत स्पष्ट होते. या रोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही आणि तो श्वान पेशींत ठाण मांडतो. मुंबईतील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत नोशीर अंतिया आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात गंडिकांच्या संवर्धनातील श्वान पेशींत जंतूंचे वर्तन तपासले. निव्वळ चेतापेशींच्या बशीत हा आजार उभाच राहिला नसता. जगातील निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात आढळतात, म्हणून अशा मिश्र प्रारूपांना आपल्याकडे अधिक निधी आणि मनुष्यबळ मिळायला हवे. केमोथेरपीच्या अभ्यासातही चेतापेशीचे शरीर एका कप्प्यात आणि तंतू दुसऱ्यात वाढवणारी मांडणी उपयोगी पडते, कारण औषध तंतूला इजा करते की पेशीशरीराला, हे त्यातून वेगळे काढता येते.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एनएव्ही 1.8 मार्गिका रोखणाऱ्या सुझेट्रिजीनला तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मान्यता दिली. ते अफूवर्गीय नाही, आणि मार्गिकांवरील अनेक वर्षांच्या पेशी-संशोधनातून ते आले आहे. सायटिकाच्या चिवट दुखण्यात मात्र 2024 च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची वेदना जितकी उतरली, जवळपास तितकीच नकली गोळी घेणाऱ्यांचीही उतरली.