कागद राहिला, वाचणारा गेला

'जतन' हा शब्द हल्ली आपण फार सहज वापरतो. जुन्या कागदाचा फोटो काढला, संगणकात ठेवला, झालं जतन! हे कितपत खरं आहे, ते मोडी कागदांच्या उदाहरणावरून पाहू.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जाई. ती बंद झाली आणि नातवाला आजोबांचं खरेदीखत वाचता येईना. कागद घरातच होता, वाचणारा गेला.

२०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. चांगलंच आहे. पण अडचण अक्षरापाशी संपत नाही. पानिपतच्या वेळच्या पत्रावर १७६१ हा आकडा शोधाल तर सापडणार नाही. तिथे असतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी संख्याशब्द आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून जानेवारीतल्या पत्राला ६०० मिळवायचे, की १७६१ येतं. आधीच्या पावसाळ्यातल्या पत्राला ५९९, म्हणजे १७६०. आता बघा, यंत्राने अक्षर न् अक्षर बरोबर लावलं, तरी जाणत्याने इसवी सन नोंदवला नसेल, तर '१७६१' शोधणाऱ्याच्या हाती हे पत्र लागायचं नाही.

रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत याच दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. अभ्यासक आजही ते उघडतात, कारण त्यामागे कागद वाचून, तारखा लावून, विषयवार मांडण्याचे कष्ट आहेत.

तत्त्वज्ञानात आम्ही म्हणतो, चिन्ह स्वतःहून बोलत नाही, त्याला अर्थ लावणारा लागतो. स्कॅन जरूर करा. वाळवी आणि ओल कोणासाठी थांबत नाहीत. पण प्रत्येक चित्राबरोबर कोणी, कोणाला, कुठून, कधी लिहिलं, एवढं तरी नोंदवा. आणि स्कॅनरसाठी निधी मागाल, त्याच अर्जात मोडीच्या वर्गासाठीही मागा. नाहीतर आज रुमालात बंद असलेला कागद उद्या पडद्यावर उघडा दिसेल, आणि तरी न वाचलेलाच राहील.