तारीख आणि वाट

जुलै १९७९. 'स्कायलॅब' पडणार, या बातमीने आमची गल्ली घाबरली होती. मरायचेच आहे तर खाऊन मरू, म्हणून कुणी कोंबड्या कापत होते. माझ्या दादीने मात्र त्या पावसात अंगणात शेवग्याची फांदी लावली. मी विचारले, "दादी, कयामत आली तर?" ती म्हणाली, "ती कधी येणार ते अल्लाला ठाऊक. तू पाणी घाल."

कयामतीच्या आधी हजरत ईसा दमिश्कच्या पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, असे तीच सांगायची. ख्रिस्ती बांधवही येशूच्या पुनरागमनाची वाट पाहतात, हे पुढे कळले. पहिल्या शतकातले ख्रिस्ती 'मारानाथा' म्हणून प्रार्थना करत. 'प्रभू, ये' असा त्या अरामी शब्दाचा अर्थ. या आशेला कुणी तारीख चिकटवली तर काय होते, ते १८४४ साली अमेरिकेत दिसले.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. १८१२ साली सुरू झालेल्या युद्धात लढलेला, एके काळी बायबलवर विश्वास नसलेला. युद्धानंतर त्याची श्रद्धा परतली. दानीएलच्या ग्रंथात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून, इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजत तो १८४३च्या आसपास पोहोचला. नेमक्या दिवसाचा आग्रह त्याचा नव्हता. सॅम्युअल स्नो या अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. मिलरने ती अगदी अखेरीस मान्य केली.

हजारो लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी दुकाने बंद केली. न्यू हॅम्पशरमधल्या एका शेतकऱ्याने बटाटे काढलेच नाहीत. लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले, ही नंतर पसरलेली कथा. तिला पुरावा नाही. माणसे प्रार्थना करत बसली होती, एवढेच. रात्र सरली आणि रोजच्यासारखा सूर्य उगवला. पहाटेपर्यंत आम्ही रडत होतो, असे हायरम एडसन याने लिहून ठेवले आहे. इतिहासात हा दिवस 'महानिराशा' म्हणून ओळखला जातो.

त्यांना हसणे सोपे आहे. शेजाऱ्यांनी हसून घेतलेच. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसांनी काय केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. काहींनी श्रद्धा सोडली, काहींनी नव्या तारखा काढल्या. एका छोट्या गटाने भविष्यवाणीचा अर्थ नव्याने लावला आणि पुढे तारखा सांगण्याचा नाद सोडला. वाट पाहणे मात्र सोडले नाही. त्यातून १८६३ साली सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभे राहिले. जग संपणार म्हणणाऱ्यांच्या या वारसांनी शाळा काढल्या, रुग्णालये बांधली. पुण्यात औंध रस्त्यावरचे स्पायसर कॉलेज हे त्यांचेच.

तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. कुराणाचेही म्हणणे तेच. मग भविष्यवाणीचे मोल कशात? मला वाटते, तारखेत नाही. अन्यायाचा शेवट कधीतरी होईल या भरवशावर माणूस आज काय करतो, त्यात आहे. हातात रोप असताना कयामत आली, तरी जमल्यास ते आधी लावा, असे पैगंबरांनी सांगितल्याची एक हदीस आहे. दादीला अक्षरओळख नव्हती, पण ही हदीस तिला ठाऊक असावी.

स्कायलॅबचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडले. आमच्या शेवग्याला पुढे अनेक वर्षे शेंगा येत होत्या.