अंगण भिंतीबाहेर आलं त्याची गोष्ट

धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यातल्या सोनारीत नवं घर बांधणाऱ्याने दारात काय लावायचं हे ठरवताना माकडांना विचारात घेतलेलं बरं. काळभैरवनाथाच्या या गावात त्यांचा राबता मोठा, आणि दर्शनाला आलेले भाविक त्यांना खाऊ घातल्याशिवाय जात नाहीत. अशा ठिकाणी हौसेने पेरू किंवा पपई लावली, तर पहिला वाटा कुणाचा हे सांगायला नको. कण्हेरीला मात्र जनावर सहसा तोंड लावत नाही. बोगनवेलीला काटे असतात आणि पाणीही कमी लागतं. हौसेपेक्षा गाव, पाणी आणि जनावरं यांच्या हिशेबाने अंगण ठरवायची इथली रीत जुनी आहे. माकडांचा मान तर इतका, की याच जिल्ह्यातल्या उपळा गावात 32 एकर जमीन त्यांच्या नावे लागलेली आहे. 2022 साली ही बातमी देशभर गाजली.

पण घरापुढे बाग, तिला फाटक आणि फाटकापासून पायरीपर्यंत फरसबंद वाट, हे चित्र या मुलखात तसं अलीकडचं.

मराठवाड्यातलं जुनं घर रस्त्याला पाठ दाखवून उभं असायचं. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दगडमातीच्या जाड भिंती, खिडकी असलीच तर उंचावर आणि हातभर. दार उघडलं की ढाळज लागे. आल्यागेल्याची बैठक, निरोप, भांडणं, सोयरिकी सगळं तिथेच. ढाळज ओलांडली की आभाळाला उघडा चौक, मध्ये तुळशीवृंदावन आणि चारी बाजूंनी सोपे. घर किती खणांचं यावरून घराची ऐपत कळे. वर माळवद: लाकडी तुळयांवर कड्या, कड्यांवर चिपळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली गारवा आणि रात्री वर अंथरुणं. अंगण होतं, पण ते चार भिंतींच्या आत. ऊन, धूळ आणि लुटारू या तिघांना एकाच वेळी बाहेर ठेवायचं तर दुसरा उपायही नव्हता. देशमुख-पाटलांनी त्याच कारणासाठी गढ्या उभारल्या. सामान्य कुणब्याने आपल्या ऐपतीत तीच गढी लहान करून बांधली.

गाडीवाटेचा प्रश्नही तेव्हा सोपा होता. बैलगाडी दारापुढच्या मोकळ्या जागेत सोडायची, जू उतरवायचं आणि बैल ढाळजेतूनच आत गोठ्याकडे न्यायचे. गाडी बाहेर, जनावर आत. आज नेमकं उलट झालंय. गाडीसाठी फाटकाच्या आत फरशी घातली जाते आणि जनावरं उरलीच असतील तर शेतात असतात.

हिरवळ असायची ती परसात, आणि तिचा दिखाव्याशी काही संबंध नसायचा. धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. बालाघाटाच्या पठारावर आणि सीनेच्या खोऱ्यात पाऊस येतो तो बेभरवशाचा. विहिरीवरून हंडा आणायचा तर तो झाडाला कोण घालणार? म्हणून न्हाणीचं पाणी चरातून परसात सोडत. चराच्या तोंडाशी अळू, पुढे केळीचे खुंट, थोडं कोरड्यात कढीपत्ता आणि शेवगा, भिंतीवर दोडका किंवा घेवड्याचा वेल. जे झाड पाण्याला जितकं हावरट, तितकं न्हाणीजवळ. कागदावर न काढलेला हा आराखडा घराघरांत सारखाच सापडे. शेताच्या बांधाला शेर, निवडुंग, घायपात. त्यांना पाणी लागत नाही आणि शेळीही त्यांच्यापासून लांब राहते.

पाणी केवळ डोळ्यांच्या सुखासाठी वाहवणं हे राजांचं काम. त्याचा नमुना याच जिल्ह्यात, नळदुर्गला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात सांडव्यांवरून पाणी कोसळत असताना आतल्या दालनात कोरडं बसून ते बघायचं, ही त्यातली कल्पना. नर आणि मादी नावाचे हे धबधबे आजही प्रवाशांना ओढून आणतात.

त्याच नळदुर्गात अडीचशे वर्षांनी कर्नल मेडोज टेलर राहायला आला. 1853 च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक असलेला टेलर इथला प्रशासक झाला. 1860 मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला. साहेब गेले, पण घराची एक वेगळी रीत छावण्यांतून आणि डाकबंगल्यांतून हिंदुस्थानभर रुजली. त्या रीतीत घर जागेच्या मधोमध, भोवती मोकळं आवार, आवाराला कुंपण, आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मुरमाची वाट. वाड्याने पोटात घेतलेली मोकळी जागा बंगल्याने अंगाभोवती पसरली. गावकरी हे सगळं कचेरीच्या कामाला गेल्यावर लांबून बघत. स्वतःचं घर मात्र ते वाडवडिलांसारखंच बांधत राहिले.

ती परंपरा मोडली ती एका पहाटे. 30 सप्टेंबर 1993 ला 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे 8000 जीव गेले. सास्तूर, होळी अशी तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली गावं क्षणात ढिगारा झाली. उन्हाळ्यात गारवा देणारं माळवद आणि त्याला पेलणाऱ्या दगडमातीच्या भिंती, यांच्याच ओझ्याखाली माणसं गाडली गेली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. दगडाच्या घराची धास्ती कितीतरी वर्षं गेली नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या पुनर्वसन प्रकल्पात 52 गावं नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं, रुंद आणि सरळ रस्ते, घराभोवती मोकळी जागा. बंगल्याची रीत अशी सरकारी नकाशातून एकदम खेड्यात उतरली. गावं कित्येक पटींनी पसरली आणि शेजारच्या घरातला आवाज ऐकू येईनासा झाला. ढाळज नाही, चौक नाही. बाईमाणसाला आडोसा कुठे, चूल कुठे, कडबा कुठे रचायचा?

लोकांनी त्यावर आपला तोडगा काढला. मोकळ्या जागेभोवती भिंती घातल्या, पुढे पत्रा टाकून बसायला जागा केली, मागे न्हाणी आणि गोठा जोडला, कडुलिंब लावला. आरेखनकारांनी पुसलेलं अंगण त्यांनी हळूहळू परत आखून घेतलं. भूकंपानंतरचं पुनर्वसन अभ्यासणाऱ्यांनीही हे बदल नोंदवून ठेवले आहेत.

भूकंपाची फारशी झळ न लागलेल्या परांडा-भूम भागातही घर बदललं, फक्त सावकाश. गावठाणाबाहेर रस्त्यालगत प्लॉट पडले, स्लॅबची घरं आली, दारात मोटार आली. बांधकामाच्या नियमांनी सामासिक अंतर सोडायला लावलं, म्हणजे घराभोवती मोकळी पट्टी आपोआप तयार झाली. तिच्यावर आधी शहाबादी फरशी बसली आणि आता पेव्हर ब्लॉक. चिखल नाही, तण नाही, झाडायला सोपं. पण अशा अंगणावर पडलेला पाऊस थेट रस्त्यावरच्या गटारात जातो. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात ही उधळपट्टी परवडणारी नाही.

सोय आणि पाणी दोन्ही सांभाळता येतात. मोटारीला चाकांपुरत्या फरशीच्या दोन पट्ट्या पुरतात. मधल्या भागात मुरूम किंवा हरळी ठेवली की पाणी जिरतं. फरशीचा उतार फाटकाकडे काढण्याऐवजी झाडाच्या आळ्याकडे काढायला गवंड्याला वेगळा खर्च येत नाही, फक्त काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही घालवले, आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर पोचला. सोनारीत किंवा कुठेही घराचा नकाशा काढायला बसाल, तेव्हा पोर्चच्या आधी न्हाणीचं पाणी कुठे जाणार ते कागदावर काढा आणि तिथे चार हात जमीन उघडी सोडा.