मास्तर, संस्थाचालक, ताई

तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. नांदेड-लातूरकडच्या नव्वदीला टेकलेल्या माणसाला शाळेबद्दल विचारले की हे तीन शब्द अजून निघतात. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फोकानिया म्हणजे हायस्कूल. शिक्षकाला मुदर्रिस म्हणत आणि तपासणीला येणाऱ्या साहेबाला मोहतमीम तालीमात. निजामाच्या राज्यात पहिली इयत्ता कशीबशी मराठीतून निघाली, तरी पुढच्या वाटेवर उर्दू उभीच असे.

हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकवायचे, हा त्या काळी धाडसाचाच प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या भाषेतून तो केला ती कंधार-देगलूरच्या कुणब्याच्या घरातली नव्हती. त्याच्या लेकराला भूगोल शिकण्याआधी भूगोलाची भाषा शिकावी लागे. गावात पंतोजी असे. त्याच्याकडे धुळपाटीवर अक्षरे गिरवता येत, पावकी-निमकी घोकता येई. विसाच्या दशकात खाजगी शाळांना सरकारी परवानगी सक्तीची करणारे नियम आले आणि या शाळाही एकामागून एक बंद पडल्या. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईला तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती.

अशा मुलखात लेकरांना मराठी अक्षर शिकवायला बसणारा माणूस त्याची इच्छा असो वा नसो, राजकारणात ओढला जाई.

हिप्परगा (रवा) हे गाव आज धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात आहे. १९२१च्या असहकाराच्या हवेत तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. विसाच्या दशकाच्या अखेरीस या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक म्हणून आला. जन्म १९०३चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेला, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेला. याच काळात त्याने संन्यास घेतला आणि नाव झाले स्वामी रामानंद तीर्थ. पण कफनी घातली तरी मास्तरकी सुटली नाही. हिप्परग्यानंतर स्वामीजी अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले, बाबासाहेब परांजपे बरोबर होते. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातल्या पुढाऱ्यांची यादी आणि या शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांची यादी शेजारी ठेवली तर बरीच नावे दोन्हीकडे सापडतात.

तेव्हा बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीरला आर्य समाजाचा जोर होता. तिथले भाई श्यामलाल १९३८ साली बीदरच्या तुरुंगात वारले. पुढे उदगीरला त्यांच्या नावाने शाळा उभी राहिली. १९३८ सालीच स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. पुढची दहा वर्षे वर्गाबाहेर आणि बरीचशी तुरुंगात गेली.

मग १७ सप्टेंबर १९४८.

निजामाचे राज्य गेले आणि शिक्षणाची भूक एकदम उघडी पडली. नांदेडला १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. (त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. नावातल्या ‘पीपल्स’मुळे बाहेरच्या माणसाचा घोटाळा होतो, पण संस्था दोन वेगळ्या.) तोवर नांदेडच्या मुलाला पुढे शिकायचे तर औरंगाबाद नाहीतर हैदराबाद गाठावे लागे.

या पिढीचा खरा नमुना म्हणजे नरहर कुरुंदकर. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला हा माणूस नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर होता. तिथून तो पीपल्स कॉलेजात गेला, १९७७ साली प्राचार्य झाला आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच कोसळला. भरतमुनीपासून मनुस्मृतीपर्यंत कशावरही तासभर बोलू शकणारा विद्वान आणि चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारा मास्तर एकाच माणसात नांदत होते. नांदेडकरांना त्याचे काही विशेष वाटत नसे. शिकवणाऱ्याने सगळेच वाचलेले असावे, अशी त्यांची साधी समजूत होती.

लातूरची गोष्ट थोडी उशिरा सुरू होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. डाळ, भुसार आणि अडत यांवर चालणारी बाजारपेठ. दयानंद कॉलेज १९६१ साली निघाले, राजर्षी शाहू कॉलेज १९७० साली. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक होते. दोन तपे त्यांनी ते कॉलेज सांभाळले. १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिले कुलगुरूही तेच, आणि पुढे ते लातूरचे नगराध्यक्षही झाले. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. भुसाराच्या गावाने शिक्षणाचाही बाजार बसवला.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षणाचे पुढारपण मास्तराच्या हातून निसटून ‘संस्थाचालका’च्या हाती गेले ते याच काळात. मराठवाड्यात संस्थाचालक या शब्दाला जो वास आहे तो शब्दकोशात सापडत नाही. संस्था म्हणजे इमारत, अनुदान, शिक्षकांच्या जागा आणि निवडणुकीला उपयोगी पडणारी माणसे. सगळेच तसे नव्हते, काही तर पोटाला चिमटा घेऊन शाळा चालवणारे होते. पण दिशा बदलली होती. स्पर्धा दहावी-बारावीच्या टोकाला होती. पहिली-दुसरीचा वर्ग १९६२ साली जिल्हा परिषदेकडे गेला होता. त्या वर्गातले लेकरू वाचते की नाही, याची कोणाला फारशी पडली नव्हती, कारण त्याची गुणवत्ता यादी लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. आदल्या दिवशीच गणपती बुडाले होते. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली आणि दगडमातीची गावेच्या गावे सपाट झाली. मदतीला आलेल्यांपैकी बहुतेक घरे बांधून परतले, काही मात्र मुलांसाठी थांबले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त घरांतली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला निवासी शाळा काढली. हराळीही लोहारा तालुक्यातलीच. म्हणजे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेच्या शेजारातच सत्तर वर्षांनी दुसरी शाळा बाहेरून आलेल्या माणसांनी उभी केली.

भूकंपानंतर दोन वर्षांनी मुंबईत जे सुरू झाले त्याचा या दोन जिल्ह्यांशी संबंध आहे, असे तेव्हा कोणी म्हटले नसते. १९९५ साली माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था स्थापन केली. फरिदाबाई निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवत. चव्हाण मूळचे रसायनशास्त्राचे. अमेरिकेत ओहायोला डॉक्टरेट, ह्यूस्टनला अध्यापन, परतल्यावर मुंबईत यूडीसीटी या रसायनतंत्राच्या संस्थेत नोकरी. वडील लाल निशाण पक्षाचे यशवंत चव्हाण. चव्हाणांनी साक्षरतेचे काम वस्त्यांमधून आधीच चालवले होते आणि दूरदर्शनवर ‘अक्षरधारा’ हा कार्यक्रमही केला होता. खेडगीकर मास्तर ना. म. जोशींच्या कामगार चळवळीतून हिप्परग्याला आले होते. चव्हाणही कामगार चळवळीच्या घरातून मुळाक्षरांकडे आले. मोर्चा आणि बाराखडी यांचे महाराष्ट्रातले नाते असे जुने आहे.

‘प्रथम’च्या मंडळींनी एक गोष्ट मराठवाड्याच्या रिवाजाच्या अगदी उलट केली. त्यांनी स्वतःच्या शाळांचे जाळे उभारले नाही. इमारत नाही, अनुदान नाही, म्हणून संस्थाचालकही नाही. देवळात, मशिदीत, कुणाच्या घराच्या पडवीत बालवाडी भरवली. महापालिकेच्या शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी उभी केली आणि तिला नाव दिले बालसखी. महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये, रोज दोन तास, पंधरा-वीस मुले. पुढे वाचन शिकवायची जी पद्धत त्यांनी बसवली तिच्या मध्यभागी बाराखडीचा तक्ता होता. पंतोजीची बाराखडी घोकण्यासाठी होती. इथे मुले तक्त्यावर बोट ठेवून आवाज शोधत, त्यातून शब्द जुळवत, चुकत, हसत.

मुंबई आणि बडोद्यातल्या बालसखींच्या कामाची परीक्षा अर्थतज्ज्ञांनी घेतली. मुलांची प्रगती खरी निघाली. त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळाले. बालसखींची नावे कुठे छापून आली नाहीत. अशी कामे करणाऱ्या बाईला मुले ताई म्हणतात. या गोष्टीतली तिसरी पुढारी तीच आहे, असे या लेखकाचे ठाम मत आहे. आधी मास्तर होता, मग संस्थाचालक आला, आता ताई आहे.

ही ताई नांदेड-लातूरच्या खेड्यांत पोचली ती शाळेच्या नव्हे, घराच्या दारातून. रुक्मिणी बॅनर्जी १९९६ साली ‘प्रथम’मध्ये आल्या आणि २०१५ साली तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्यांच्या पुढाकाराने २००५ साली ‘असर’ ही पाहणी सुरू झाली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात तीस गावे, प्रत्येक गावात वीस घरे, आणि ५ ते १६ वर्षांच्या मुलांपुढे धरायचा एक कागद. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीची छोटी गोष्ट. पाहणी करणारे स्थानिकच असतात, कुठे कॉलेजची मुले तर कुठे एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. २०१८ साली देशभरातल्या पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली नव्हती. शाळेत भेटायला गेले तर शाळा आधी सजते. म्हणून हे लोक ओसरीवर बसतात आणि लेकराला म्हणतात, वाच बरं.

कागद एक सांगतो आणि लेकरू दुसरे, हे नांदेडला वेगळ्या तऱ्हेने कळले. डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना २०१०च्या सुमारास तिथे कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम निघाली. सामूहिक कॉपीला सरावलेल्या केंद्रांचे निकाल धाडकन खाली आले. नंतर पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर नांदणारी कितीतरी मुले प्रत्यक्षात नव्हतीच, असे निघाले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला साऱ्या राज्यात एकाच वेळी मुले मोजली, तेव्हा एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. नसलेल्या मुलाच्या नावावर पगार, खिचडी, तुकडी सगळे निघत होते. संस्थाचालक या शब्दाचा वास वर म्हटला तो हा.

आणि असलेले मूल दिवाळीनंतर गावात नसते, हीही एक गोष्ट. मुखेड, कंधार, लोहा इकडून टोळ्या उसाला जातात आणि लेकरे बैलगाडीबरोबर जातात. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने २००२च्या सुमारास कारखान्यांवर साखरशाळा सुरू केल्या, त्या या मुलांसाठी. फडावरच्या कोपीशेजारी भरणारी ही शाळा हंगामाबरोबर उठे. तिथला शिक्षकही बहुधा मजुरांच्याच गावचा असे. धुळपाटीची शाळाही अशीच होती, मास्तर असेल तिथे आणि असेल तोवर.

आता वाचायचे काय, हा प्रश्न उरतो. मराठवाड्यातल्या लेकरांच्या हाती बराच काळ पाठ्यपुस्तकापलीकडे काही पडत नसे. ‘प्रथम बुक्स’ने २००४पासून स्वस्त चित्रपुस्तके काढली, त्यांत मराठीही आहेत. मुख्याध्यापक राहिलेले नांदेडचे सुरेश सावंत यांना २०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहासाठी मिळाला. कुरुंदकरांच्या गावात मास्तर अजून लिहितात, एवढे तरी त्यावरून दिसते.

‘असर’चा तो कागद गुपित नाही, तो कुणालाही मिळतो. नांदेड-लातूरच्या वाचकाने तो एकदा घ्यावा आणि शेजारच्या घरातल्या तिसरीतल्या मुलीपुढे धरावा. पाच मिनिटे लागतात.